ट्रेव्ही कारंज्यात नाणं टाकताना: कोणतं, कुठून, कसं आणि किती

युरोप टूरच्या कार्यक्रमपत्रिकेत रोमचं ट्रेव्ही कारंजं बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासाचं असतं. बस शहराच्या जुन्या भागात येत नाही, त्यामुळे गल्ल्यांतून लगबगीनं चालायचं, गर्दीतून वाट काढायची, पर्समध्ये हाताला लागेल ते नाणं भिरकवायचं, फोटो काढायचा आणि ग्रुपच्या झेंड्यामागं धावायचं. नाणं टाकण्यात शिकण्यासारखं काय आहे, असं वाटणं साहजिक आहे. पण नाणं पाण्यात न पडता कठड्यावर पडणं, शेजाऱ्याच्या डोक्याला लागणं, स्वतःच्याच पाठीवरच्या सॅकमध्ये जाणं, बोटातली अंगठी नाण्याबरोबर उडणं, असे प्रकार तिथं होतात. आणि ऐन वेळी सगळ्या घराकडे मिळून एकही युरोचं नाणं नसणं, हा तर आपल्याकडच्या पर्यटकांचा ठरलेला घोळ.

आधी एक गोष्ट माहीत असलेली बरी: ते नाणं पुढं जातं कुठं. ते कळलं की कोणतं टाकायचं आणि कसं टाकायचं, यातलं बरंचसं आपोआप ठरतं.

तळाशी गेलेल्या नाण्याचं काय होतं

नाणी तिथं पडून राहत नाहीत. रोमच्या पाणीपुरवठ्याचं काम पाहणाऱ्या आचेआ या कंपनीचे कर्मचारी ठरावीक दिवशी सकाळी येतात, लांब दांड्याच्या झाडूंनी तळावरची नाणी ओढून त्यांच्या रांगा करतात आणि मग जाड नळीनं ती शोषून घेतात. पोती भरून ही नाणी ‘कारितास’ या कॅथलिक धर्मादाय संस्थेच्या रोम शाखेकडे जातात. तिथं ती धुतली जातात, मोठ्या टेबलांवर पसरून वाळवली जातात, निवडली आणि मोजली जातात. वर्षाकाठी ही रक्कम साधारण १५ लाख युरोच्या घरात असते, म्हणजे आजच्या दरानं सुमारे १५ कोटी रुपये. त्यातून गरिबांसाठी अन्नछत्रं, बेघरांसाठी निवारे असे उपक्रम चालतात. २०१९ च्या सुरुवातीला ही रक्कम महापालिकेनं स्वतःच्या तिजोरीत वळवायचं ठरवलं, तेव्हा रोममध्ये इतका गदारोळ झाला की महापौरांना माघार घ्यावी लागली.

म्हणजे तुमचं नाणं कुणीतरी हातानं निवडणार आहे. रुपयाचं नाणं टाकलं तर ते परकीय नाण्यांच्या ढिगात जातं. बँका परदेशी नाणी सहसा बदलून देत नाहीत, त्यामुळे त्या रुपयाचं तिथं जवळपास काहीच होत नाही, निवडणाऱ्याचं काम मात्र वाढतं. ‘आपल्या देशाची आठवण’ म्हणून रुपया टाकण्याची हौस समजू शकते. पण मागणं रोमकडे असेल तर दाम रोमचाच द्यावा. टाकायचं ते युरोचं नाणं.

कोणतं नाणं

युरोची नाणी आठ: १, २, ५, १०, २० आणि ५० सेंट, मग १ आणि २ युरो. १०० सेंटचा एक युरो. फेकण्याच्या दृष्टीनं बघायचं ते वजन आणि पकड.

१ सेंटचं नाणं २.३ ग्रॅमचं, जेमतेम १६ मिलिमीटर रुंद. ते बोटांत सापडत नाही आणि टाकल्यावर दिसतही नाही. इटलीनं १ आणि २ सेंटची नाणी पाडणं २०१८ पासून थांबवलंय, त्यामुळे हाती येतात ती जुनी किंवा दुसऱ्या देशांची. ५ सेंटचं नाणं मात्र हाताला बरं लागतं, वजन ३.९ ग्रॅम. इटलीत पाडलेल्या ५ सेंटवर कलोसियम आहे. १० सेंटवर बोत्तिचेल्लीची व्हीनस, १ युरोवर लिओनार्दोचा वर्तुळातला माणूस, २ युरोवर कवी दान्ते. सगळी युरो नाणी एका बाजूनं सारखी असतात, दुसऱ्या बाजूला ज्या त्या देशाचं चित्र. हातात आलेल्या चिल्लरीत जर्मनीचा गरुड किंवा आयर्लंडची वीणा निघाली तरी ते तितकंच चालतं.

फेकायला सगळ्यांत छान नाणं ५० सेंटचं. ७.८ ग्रॅमचं, म्हणजे १ युरोच्या नाण्यापेक्षाही (७.५ ग्रॅम) किंचित जड. कडेला ठळक खाचा आहेत, त्यामुळे ओल्या किंवा घामेजलेल्या बोटांतून निसटत नाही. घरातले चौघे मिळून दोन युरोत सगळा कार्यक्रम होतो. ज्यांना दान म्हणूनच द्यायचं आहे त्यांनी १ किंवा २ युरो टाकावेत. २ युरोचं नाणं साडेआठ ग्रॅमचं, सगळ्यांत जड, म्हणून ते हळूच सोडायचं.

आणखी एक बारीक भेद. १, २ आणि ५ सेंटची तांबूस नाणी म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद. मुलामा खरवडला गेला की आतलं पोलाद पाण्यात गंजतं. १०, २० आणि ५० सेंटची पिवळी नाणी तांब्याच्या मिश्रधातूची असतात, त्यांना गंज चढत नाही आणि ती चुंबकालाही चिकटत नाहीत. म्हणून पाण्यात टाकायला तांबूस नाण्यापेक्षा पिवळं चांगलं.

नाणी मिळवायची कुठून

इथं नियोजन लागतं. मुंबई-पुण्यातले चलन बदलून देणारे फक्त नोटा देतात. फॉरेक्स कार्डानं सगळीकडे ‘टॅप’ करत फिरलं तर आठवडाभरात एकही नाणं हाती येत नाही. रोमच्या मेट्रोच्या फाटकावरसुद्धा कार्ड टेकवून जाता येतं. त्यामुळे निदान एक खरेदी मुद्दाम रोखीनं करायची, आणि तीही कारंज्याला जायच्या दिवशी नव्हे, आदल्या दिवशी.

सोपा उपाय: सकाळी कुठल्याही साध्या कॉफी बारमध्ये काउंटरवर उभं राहून एस्प्रेसो घ्या. तो साधारण सव्वा ते दीड युरोला पडतो. पाचची नोट द्या. परत मिळणाऱ्या पैशांत एक-दोन युरोची नाणी असतातच, शिवाय सेंटही. पन्नासची नोट पुढं केली तर कॉफीवाल्याच्या कपाळावर आठ्या चढतील, तेही योग्यच आहे. सुटे हवे असतील तर ‘मोनेते, पेर फावोरे’ एवढं म्हणलं तरी पुरतं. टेबलावर बसलात तर तीच कॉफी दुप्पट-तिप्पट महाग होऊ शकते, हे जाता जाता लक्षात असू द्या.

नाणी मिळाली की प्रत्येकाची वेगळी काढून पुढच्या खिशात ठेवा. कारंज्यापाशी उभं राहून पर्स उघडून चिल्लर शोधणं, हाच खिसेकापूंना हवा असलेला क्षण. तिथं सगळ्यांचं लक्ष मूर्तींकडे असतं आणि धक्काबुक्की नेहमीचीच, त्यामुळे हातसफाई करणाऱ्यांना यापेक्षा सोयीची जागा नाही. सॅक पोटावर घ्या. गुलाबाचं फूल हातात कोंबणारा किंवा ‘फोटो काढून देतो’ म्हणणारा भेटला तर हसून मान हलवा आणि हात मागं घ्या. फूल एकदा हातात आलं की पैसे मागितले जातात.

जायचं कसं, कधी

मेट्रोची ‘ए’ लाइन, स्टेशन बार्बेरीनी. तेर्मिनी या मुख्य रेल्वे स्टेशनपासून दुसरा थांबा. तिकीट दीड युरोचं, १०० मिनिटं चालतं. स्टेशनातून बाहेर पडून व्हिया देल त्रितोने या उताराच्या रस्त्यानं दहा मिनिटं चालायचं, मग डावीकडे आत. शेवटच्या गल्लीत पाण्याचा आवाज आधी येतो, कारंजं नंतर दिसतं. चौक इतका लहान आहे की २६ मीटर उंच आणि ४९ मीटर रुंद असा तो सगळा पसारा एकदम अंगावर येतो.

नियम अलीकडे बदललेत. डिसेंबर २०२४ मध्ये डागडुजीनंतर कारंजं पुन्हा सुरू झालं तेव्हापासून कठड्यालगतच्या भागात एका वेळी ४०० माणसांनाच सोडतात. फेब्रुवारी २०२६ पासून त्या खालच्या भागात उतरायला पर्यटकांना २ युरोचं तिकीट आहे. रोमच्या रहिवाशांना ते लागत नाही. वरच्या चौकातून कारंजं पाहणं फुकटच आहे. तिकिटाच्या वेळा निघण्याआधी महापालिकेच्या संकेतस्थळावर पाहून घ्या, कारण सफाईच्या दिवशी सकाळी तो भाग उशिरा उघडतो.

म्हणजे आता नाणं टाकायचा खरा खर्च २ युरो अधिक नाणं. फुकटात काम व्हावं म्हणून वरच्या चौकातून, खालच्या लोकांच्या डोक्यांवरून नाणं फेकण्याचा विचार कुणाच्या मनात येईल. तो तिथंच सोडावा. आठ ग्रॅमचं धातूचं चकतं वरून कुणाच्या कपाळावर बसलं तर खोक पडते.

डागडुजी चालू असली तर काय, हाही प्रश्न येतो. २०२४ च्या शरद ऋतूत कारंजं कोरडं होतं, तेव्हा पालिकेनं समोर एक लहानसा चौकोनी हौद ठेवला होता. ‘पाय धुवायचं टब’ म्हणून त्याची भरपूर टिंगल झाली, तरी लोक रांगा लावून त्यातही नाणी टाकतच होते.

जमलं तर सकाळी लवकर जा. दुपारी अकरा ते संध्याकाळी सात ही वेळ सगळ्यांत वाईट. रात्री दिव्यांत कारंजं फार देखणं दिसतं, पण गर्दीही तशीच असते. सोबत गुडघे दुखणारी आई किंवा सासरे असतील तर आधीच सांगून ठेवा: कारंजं रस्त्याच्या पातळीच्या खाली आहे, पाण्यापर्यंत पायऱ्या उतरून जावं लागतं आणि तुषारांनी जवळचा दगड ओला असतो. रबरी तळाची चप्पल किंवा बूट बरे.

टाकायची रीत

आपल्याकडे गाडी गोदावरीच्या पुलावर आली की खिडकीतून नाणं सोडायचं, हात जोडायचे, ही सवय पिढ्यान् पिढ्यांची. तोंड नदीकडे, नजर पाण्यावर. ट्रेव्हीत नेमकं उलटं: कारंज्याकडे पाठ. देवाकडे पाठ करू नये असं शिकवलेल्या माणसाला पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं. इथं मधोमध उभी असलेली मूर्ती ओशेआनुसची आहे, जुन्या मिथकांतला जलदेव. तो रागावल्याचं ऐकिवात नाही.

रीत अशी: पाठ पाण्याकडे, नाणं उजव्या हातात, आणि ते डाव्या खांद्यावरून मागं. क्रमानं सांगायचं तर:

१. आधी तोंड पाण्याकडे करून उभे राहा आणि जागा बघून घ्या. पुढं दीड-दोन मीटरवर मोकळं पाणी हवं. मूर्तींच्या पायथ्याचे खडक लांब आहेत, तिथवर नाणं पोहोचायची गरज नाही.

२. उजव्या हातातली सैल अंगठी, कडं, सैल पट्ट्याचं घड्याळ काढून खिशात टाका. थंडीत बोटं आक्रसतात आणि एरवी घट्ट बसणारी अंगठीही झटक्यानं निघते. पाण्यात गेली तर स्वतः आत हात घालून काढायची सोय नाही.

३. वळा. टाचा कठड्यापासून एक पाऊल दूर. कठड्याला टेकून उभं राहू नका, त्यावर बसायला मनाई आहे आणि शिट्टी वाजते.

४. नाणं अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत, सपाट बाजूंनी धरा. टिचकीनं उडवायचं नाही. टिचकीनं नाणं गोल फिरत वर जातं आणि कुठंही पडतं.

५. डाव्या खांद्यावरून एकदा मागं बघा. मध्ये कुणी वाकून सेल्फी काढत असतं. जागा मोकळी होईपर्यंत थांबा.

६. इच्छा मनात म्हणा. डोळे मिटायचे तर आत्ताच मिटा, फेकताना नको.

७. उजवा हात छातीवरून आडवा नेत डाव्या खांद्याच्या वर न्या. कोपर हनुवटीच्या उंचीला येतो. हाताचा पंजा खांद्याच्या मागं गेला की चिमूट सोडा. जोर मनगटाचा, खांद्याचा नाही. वाढदिवसाच्या फुग्याला मागं टोलवावं इतकाच.

चुकतं ते मुख्यतः सातव्या पायरीवर, सोडण्याच्या क्षणात. पंजा अजून छातीसमोर असताना चिमूट सुटली तर नाणं सरळ वर जाऊन पायाशी पडतं. फार उशिरा सुटली तर ते तुमच्याच पाठीवर आपटतं आणि जॅकेटच्या टोपीत किंवा सॅकच्या उघड्या कप्प्यात जाऊन बसतं. म्हणून टोपी आत दाबून ठेवा. हॉटेलच्या खोलीत एकदा गादीकडे पाठ करून सराव केला तर हसू येईल, पण दोन-तीन प्रयत्नांत अंदाज बसतो. मुलांना तर हा सराव हमखास आवडतो.

तिसरी चूक जोराची. ‘लांब गेलं पाहिजे’ म्हणून क्रिकेटच्या थ्रोसारखं फेकलं तर नाणं खडकांवर किंवा मूर्तीवर आदळतं. कारंज्याचा बराचसा भाग त्राव्हेर्तीन या सच्छिद्र दगडाचा आहे, मूर्ती संगमरवरी आहेत. रोजच्या हजारो नाण्यांत असे घाव किती बसत असतील याचा विचार करा. कपारीत अडकलेलं नाणं झाडूलाही लागत नाही.

नाणं कठड्याच्या अलीकडे पडलं तर काय? उचला आणि पुन्हा टाका, त्यात अशुभ काही नाही. पाण्यात गेलेलं मात्र कुणाचंच परत काढायचं नाही, ‘चुकून दोन युरोचं गेलं हो’ हे कारणही चालत नाही. पाण्यात उतरणं तर दूरच, त्याला शेकडो युरोंचा दंड आहे. १९६० च्या एका गाजलेल्या इटालियन चित्रपटात नायिका रात्री या पाण्यात शिरते. तेव्हापासून दरवर्षी कुणी ना कुणी तिची नक्कल करायला जातं आणि पोलिसांच्या पावतीसह बाहेर येतं.

लहान मुलांना उचलून कठड्यावर उभं करू नका. त्यांच्या शेजारी गुडघ्यावर बसा, त्यांचा डावा खांदा तुमच्या हातानं धरा आणि नाणं त्यांना हलकंसं, ५ किंवा १० सेंटचं द्या. डावखुऱ्यांनी डाव्या हातानं उजव्या खांद्यावरून टाकलं तर? रीत उजव्या हाताची सांगते, पण नेम न लागणाऱ्या हातानं भलतीकडे मारण्यापेक्षा नेमाच्या हातानं पाण्यात टाकलेलं केव्हाही चांगलं.

एक, दोन की तीन

एक नाणं टाकलं की रोमला परत येणं होतं. दुसरं टाकलं तर प्रेम जुळतं. तिसरं टाकलं तर लग्न. यातली पहिली समजूत जुनी, बाकीच्या दोन मागाहून चिकटलेल्या. १९५४ मध्ये याच कारंज्यावरचा एक हॉलिवूडपट आला, त्याच्या नावातच तीन नाणी होती, आणि मग हा आकडा जगभर पसरला. लग्न झालेल्या जोडप्यानं तीन टाकू नयेत असा विनोद रोमचे गाइड दिवसातून दहा वेळा करत असतील. तुम्हाला फक्त परत यायचं असेल तर एकच पुरे.

तीन टाकायची असतील तर एका मुठीत घेऊन एकदम टाकू नका. वेगवेगळ्या वजनाची नाणी हवेत फाकतात आणि त्यातलं एक हमखास शेजाऱ्याकडे जातं. एकामागून एक टाका, किंवा तिन्ही एकाच किमतीची घ्या.

नाण्यांच्या आधी इथं पाणी पिण्याची रीत होती. गावाला निघालेल्या प्रियकराला मुलगी कोऱ्या पेल्यातून ट्रेव्हीचं पाणी पाजायची आणि मग तो पेला फोडायची, म्हणजे तो परत येणार आणि तिला विसरणार नाही. कारंज्याच्या एका कडेला ‘प्रेमिकांचं कारंजं’ नावाची छोटी धार अजून आहे. जोडप्यानं मिळून तिचं पाणी प्यायचं. नाण्यासाठी रेटारेटी करायचा कंटाळा आला तर हा उपाय स्वस्त. मोठ्या कारंज्याचं पाणी मात्र आता पुन्हा पुन्हा फिरवलेलं असतं, ते पिऊ नका.

पाण्यात पैसा सोडण्याची चाल मात्र कारंज्याहून कितीतरी जुनी. इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळ (रोमनांनी बांधलेली सीमेवरची तटबंदी) कोव्हेन्टिना देवीच्या कुंडात १८७६ मध्ये १३ हजारांहून जास्त रोमन नाणी सापडली. त्याहून आधी, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला रोमन लेखक प्लिनी मध्य इटलीच्या उम्ब्रियातल्या क्लितुम्नस झऱ्याबद्दल एका पत्रात लिहितो की पाणी इतकं नितळ आहे की तळाशी टाकलेली नाणी मोजावीत. आपला नवस आणि ही रीत यांत फरक एकच: नवस पुरा झाल्यावर फेडायचा असतो, ट्रेव्हीत पैसे आगाऊ.

टाकून झाल्यावर दोन मिनिटं

फोटोसाठी एकच क्लिक पुरत नाही, नाणं हवेत दिसण्याआधीच निसटतं. बर्स्ट मोड लावा किंवा स्लो-मोशनमध्ये व्हिडिओ घेऊन त्यातली चौकट काढा. फोटो काढणाऱ्यानं टाकणाऱ्याच्या उजव्या हाताकडे, थोडं बाजूला उभं राहायचं. समोरून काढला तर हात चेहऱ्यावर येतो. कारंज्याचं तोंड दक्षिणेकडे आहे, त्यामुळे भर दुपारी दगड पांढराफटक येतो. सकाळचा तिरपा उजेड चेहऱ्यांना बरा.

मग वळून एकदा वर बघा, बहुतेक जण न बघताच जातात. मधल्या मूर्तीच्या दोन्ही बाजूंना वर कोरीव पट आहेत. डावीकडचा रोमन सेनापती आग्रिप्पाचा. इसवी सनपूर्व १९ मध्ये त्यानं ‘आक्वा व्हिर्गो’ हा जलमार्ग बांधून घेतला, तोच मार्ग ट्रेव्हीपर्यंत पाणी आणत आला आहे. उजवीकडच्या पटात एक मुलगी तहानलेल्या सैनिकांना झरा दाखवते आहे, त्या मुलीवरूनच जलमार्गाला नाव पडलं असं सांगतात (‘व्हिर्गो’ म्हणजे कुमारिका). खाली दोन समुद्री घोडे, एक बेफाम, एक शांत: समुद्राची दोन रूपं. वास्तुकार निकोला साल्व्हीनं १७३२ मध्ये काम सुरू केलं आणि १७५१ मध्ये तो वारला. कारंजं पुरं झालं ते १७६२ मध्ये. उजव्या टोकाला कठड्यावर एक मोठा दगडी घडा दिसेल. तिथल्या एका न्हाव्यानं कामावर सतत टीका केली म्हणून साल्व्हीनं त्याच्या दुकानापुढं तो उभा केला, अशी गोष्ट रोमकर सांगतात.

आणि जिथं टाकू नये

ट्रेव्हीत नाणं टाकणं ठीक आहे कारण तिथं ते काढणारे आहेत. जिथं काढणारं कुणी नाही तिथं तेच नाणं कचरा होतं, कधी विषही. अमेरिकेत यलोस्टोनच्या ‘मॉर्निंग ग्लोरी’ या उष्ण झऱ्यात लोकांनी इतकी नाणी आणि वस्तू टाकल्या की पाणी वर यायच्या वाटा तुंबल्या, झरा थंड झाला आणि त्याचा निळा रंग कडेकडून पिवळा-नारिंगी पडत गेला. थायलंडमध्ये ओमसिन नावाच्या समुद्री कासविणीच्या तळ्यात लोक शुभ म्हणून नाणी टाकत. २०१७ मध्ये शस्त्रक्रिया करून तिच्या पोटातून ९१५ नाणी काढली, काही दिवसांत ती गेली. मत्स्यालय, प्राणिसंग्रहालय, माशांचं तळं, नैसर्गिक झरा, गावची बारव: इथं नाणं नकोच.

नदीत नाणं टाकल्यानं पाणी शुद्ध होतं, हे कारणही आता पुढं करू नये. ते तांब्याच्या पैशाच्या काळातलं, आणि तेव्हाही वाहत्या नदीला चार पैशांनी किती फरक पडला असेल? आजचा रुपया स्टेनलेस स्टीलचा आहे. म्हणूनच घाटांवरची पोरं दोरीला चुंबक बांधून तो पाण्यातून ओढून काढतात.

राहिली उरलेली चिल्लर. भारतात परतल्यावर युरोची नाणी कुणी बदलून घेत नाही. टूर रोमहून स्वित्झर्लंडला जाणार असेल तर तिथल्या बऱ्याच दुकानांत युरोची नोट घेतात, पण नाणी घेत नाहीत आणि उरलेले पैसे फ्रँकमध्ये देतात. तेव्हा इटली सोडायच्या आत, शेवटच्या पेट्रोल पंपावरच्या कॉफी बारमध्ये सगळी नाणी काउंटरवर ओता आणि जितक्या कॉफ्या येतील तितक्या घ्या.